गोष्टीतल्या बापाचं काय करायचं

११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी एवढं वाच: बाबा जिवंत आहेत आणि मीही आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

माझ्या लिहायच्या खोलीचं छत काल सकाळी खाली आलं. पायाखालची जमीन सरकते असं आपण सारखं म्हणतो, वरचं सरकलं तर काय म्हणायचं याला मराठीत शब्दच नाही. गेल्या पावसापासून वर एक ओला डाग होता. मालक म्हणाला, रंग लावला की जाईल. डाग गेला, पण स्लॅब घेऊन गेला.

मी घरात नव्हते. खाली उतरून चालत बाजाराच्या टोकापर्यंत गेले होते. कशाला गेले होते ते आता विचारू नकोस. परत आले तर जिन्यात पांढरी धूळ आणि वर माणसांचा आवाज. खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप तसाच घेऊन वर धावला होता. त्यानं मला दारातच धरलं आणि म्हणाला, "ताई, आत नका जाऊ." मी म्हटलं, "आत कोणी नाहीये, मी इथे आहे." तो म्हणाला, "बाबा आहेत."

बाबा माझ्या खोलीत कधीच जात नाहीत. माझ्या डोक्यात तेच एक वाक्य घुमत होतं, जणू मी ते नीट पटवून दिलं असतं तर ते तिथे नसते.

माझी खुर्ची राहिली नव्हती. म्हणजे खुर्ची होती, पण तिची पाठ आणि बैठक एकमेकांना ओळखत नव्हत्या. टेबलावर सिमेंटचा एवढा मोठा तुकडा, बाहेर लोखंडी सळया आलेला. आणि टेबलाखालून दोन पाय, एकात चप्पल, एक मोकळा. मी ते पाय बघितले आणि मला काहीही वाटलं नाही. खरंच सांगते. मी फक्त म्हटलं, यांची नखं कापायला झालीत.

मग टेबलाखालून आवाज आला, "कोणीतरी मला ओढा, पण डाव्या पायाला हात लावू नका."

मांडीचं हाड मोडलंय. बाकी खरचटलं आहे. डॉक्टर म्हणाले, काळ आला होता, वेळ आली नव्हती. ते टेबलाखाली काय करत होते, हे अजून सांगत नाहीत. तुला कळवलं नाही असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून कळवलं.

धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. नसेलच, हे धरून लिहिते आहे.

बाबांच्या पायाला वजनं बांधून ठेवली आहेत. आत सळई घालायची आहे, पण साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. तोवर पाठीवर पडून राहायचं. ज्या माणसानं आयुष्यभर बस डेपोत गाड्यांच्या पोटाखाली पडून काम केलं, तो म्हणतो, "आडवं पडायला मला काही वाटत नाही, फक्त वर बघायला काहीतरी इंजिन पाहिजे."

मी मात्र वर बघते. प्रत्येक खोलीत शिरताना. वॉर्डात, दुकानात, शिंप्याकडे. छताकडे बघून मगच पाय आत टाकते. लोकांना वाटतं बाई देवभोळी झाली.

काल मी त्यांना पुन्हा विचारलं, तुम्ही टेबलाखाली काय करत होता? ते म्हणाले, "रबर लावत होतो."

"कसलं रबर?"

"ट्यूबचं. टेबल डुगडुगतं ना तुझं."

"बाबा, ते टेबल गेली कित्येक वर्षं डुगडुगतंय."

"आणि तुझं पुस्तक कित्येक वर्षं होत नाहीये," ते म्हणाले. "मी बघतो ना. सकाळी बसतेस, दोन ओळी लिहितेस, उठतेस. परत बसतेस. डोळे लाल करून बाहेर येतेस. माणूस जागेवर टिकत नाही म्हणजे जागेत काहीतरी खोट असते. आधी खुर्चीत बसून बघितलं. खुर्ची ठीक होती. मग टेबल."

"तू बाजारात गेलीस की मी तुझ्या खुर्चीत बसून बघायचो," बाबा म्हणाले. "दिवा डावीकडे घेऊन बघितला, परत उजवीकडे ठेवला, तुला कळलंही नाही." मला कळलं नव्हतंच.

आता तुला सांगते मी खाली का गेले होते. त्या सकाळी मी प्रकाशकांना फोन करून सांगितलं की कादंबरी येणार नाही. आज नाही, उद्या नाही. पहिली आली ती चुकून आली, दुसरीनं ते सिद्ध केलं, आता तिसऱ्या वेळी लोकांचा वेळ घालवायचा नाही. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, तेवढंच केलंय इतकी वर्षं. फोन ठेवला, आणि पुन्हा त्या खुर्चीत बसायची भीती वाटली म्हणून चप्पल घालून निघाले.

म्हणजे हिशेब असा लागतो: मी हिंमत धरून लिहीत बसले असते तर मेले असते. मी हातपाय गाळले म्हणून वाचले. आणि माझे हातपाय का गळतात हे शोधायला बाबा टेबलाखाली गेले आणि त्यांचा पाय मोडला. खुर्चीवर बसून बघायचा त्यांचा दिवस असता, तर हे पत्र वेगळं असतं.

शेजारणी म्हणतात, देवानं कौल दिला, आता ते लिहिणं सोड. मलाही पटतंय. तू नेहमी म्हणायचीस, हिला कोणी नाही म्हणायला लागतच नाही, ही स्वतःच आधी म्हणून मोकळी होते. आता वरूनही 'नाही' आलं.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

एक विचित्र गोष्ट घडली आहे आणि सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

वॉर्डात दुपार संपता संपत नाही. बाबा म्हणाले, "काहीतरी बोल. तुझं ते पुस्तक तरी सांग."

"पुस्तक नाहीये, बाबा. सोडलं ते."

"मग नसलेलं सांग."

मी सांगायला लागले. प्रकाशकांना 'येणार नाही' म्हटलं तीच कादंबरी, एका चित्रकाराची. तो समुद्राकाठी राहतो, त्याला एकटेपणा आहे, तो खिडकीतून बघतो. चित्रकार खिडकीपाशी पोचायच्या आत बाबा घोरायला लागले. शेजारच्या खाटेवर खांदा मोडलेला एक ट्रकवाला आहे. तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, याला काही कामधंदा नाही का?"

ताई, ज्या चित्रकारावर मी इतकी वर्षं घासले, त्याची वासलात एका प्रश्नात लागली. मला रडू यायला हवं होतं. आलं हसू.

दुसऱ्या दिवशी मी काही न ठरवता तोंड उघडलं आणि म्हणाले, "एक माणूस होता. त्याला गाडीचा आवाज ऐकून कळायचं तिला काय होतंय. माणसांचा आवाज ऐकून मात्र काही कळायचं नाही." ट्रकवाला उठून बसला. बाबांनी डोळे मिटले होते, पण घोरत नव्हते. मी पुढे सांगत गेले. कुठून येत होतं मला ठाऊक नाही. मी थांबले की ट्रकवाला म्हणे, "मग?" आणि मी चुकीचं सांगितलं की बाबा डोळे न उघडता म्हणत, "क्लच असा जळत नाही." मी दुरुस्त करून पुढे जाई.

तुला माहीत आहे, माझ्या आत एक बाई बसलेली असते. मी ओळ लिहिली की ती म्हणते, "हे काय, हे तर कोणीही लिहील." त्या दुपारी ती बोललीच नाही. बिचारीला ट्रकवाल्यानं संधीच दिली नाही. घरी आले आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानंच सगळं लिहून काढलं. चांगलं की वाईट हे विचारायची आठवणच झाली नाही, कारण उद्या 'मग?'ला काय सांगायचं याची धास्ती होती.

शनिवारी वाचनालयात माझा वर्ग असतो. विषय काय, तर 'लेखकानं स्वतःवरच्या संशयावर मात कशी करावी'. फळ्यावर तेवढं लिहून मी मागे वळले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला माहीत नाही." बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई पहिल्या बाकावर असतात. त्यांनी विचारलं, "मग आम्ही घरी जाऊ का?"

मी म्हटलं, नका जाऊ. आज लिहू नका. शेजारच्याला एक गोष्ट सांगा, आणि तो 'मग?' म्हणायचा थांबला की तुम्हीही थांबा. वाचनालयात इतका गोंगाट कधी झाला नव्हता. बँकेच्या बाईंना तर शिपाई दिवे मालवायला आला तरी कोणी सोडेना.

आता धक्क्याची गोष्ट. आमच्या गोष्टीतल्या त्या फिटरला दोन मुली आहेत. थोरली घर सोडून जाते. ते मी ठरवलं नव्हतं, ती आपली निघालीच. तिथे येऊन मी अडकले. ट्रकवाला म्हणाला, "मग? येते का परत?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

बाबा छताकडे बघत होते. अगदी सहज, गाडीचा एखादा भाग बदलायला सांगावा तसे म्हणाले, "बापाला मार. मग येईल."

ट्रकवाल्यानं मान खाली घातली. मी त्यांच्या पायाची वजनं बघत बसले. ती हलत नव्हती. ते रागावले नव्हते, थट्टाही करत नव्हते. त्यांना गोष्ट पुढे न्यायची होती, आणि त्यांच्या मते तेवढाच रस्ता मोकळा होता.

काय करू सांग.

धाकटी


८ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून जिन्यातच बसले. आत एकच ओळ. "माझ्यावर लिहू नकोस." खाली नावही नाही.

मी त्याच दिवशी थांबले. खोटं कशाला बोलू, मनातून हायसंही वाटलं. आतली बाई परत आली होती आणि आता तिच्या हातात तुझी ओळ होती. बघ, मी म्हणत होतेच, ती म्हणाली.

वॉर्डात गेले आणि केळी सोलत बसले. ट्रकवाला म्हणाला, "मॅडम, मग?" मी म्हटलं, आज नाही. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, आज नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "टेबल तर नाहीये इथे. आता काय डुगडुगतंय?"

मी सांगितलं. ताईला पत्रं लिहिते, तिचं उत्तर आलं, तिला हे नको आहे.

तुझं नाव आमच्यात कित्येक वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. ते भिंतीकडे वळायला गेले, पण वजनांमुळे वळता येईना. तसेच राहिले, अर्धे वळलेले. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. तिच्यावर लिहू नकोस. माझ्यावर लिही. मी तिला काय बोललो ते लिही."

"काय बोललात?"

"तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. आईला स्मशानात पोचवून सगळे परत आले, मी आत माणसांना चहा करत होते, आणि बाहेर दार आपटल्याचा आवाज आला. तू गेलीस एवढंच कळलं. मी समजत होते, तुला आमचा कंटाळा आला. आईच्या दुखण्यात तूच धावपळ केलीस, तूच शस्त्रक्रियेचा आग्रह धरलास, आणि ती टेबलावरच गेली म्हटल्यावर तुला इथे राहवेना. गोष्टीतही मी तसंच सांगितलं होतं. थोरली मानी होती, म्हणून गेली.

बाबा म्हणाले, "मी तिला म्हटलं, आणखी चार महिने जगली असती ती. तू मारलंस तिला."

ते हे सांगत असताना नर्स ताप बघायला आली. त्यांनी तोंड उघडून थर्मामीटर घेतलं. ती जाईपर्यंत मी तशीच बसून राहिले, ते नळी तोंडात धरून, मी हातात केळं धरून. ती गेल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर मला नंतर म्हणाले, शस्त्रक्रिया नसती केली तर आठवडाही काढला नसता. तोवर तुझी ताई घर सोडून गेली होती. मग कोण सांगणार. तू हे लिही. लोकांना वाचू दे. मला कोणाची परवानगी लागत नाही."

ताई, खरं आहे का हे? असं बोलले ते तुला? आणि तू कोणाला, मलासुद्धा, एका शब्दानं सांगितलं नाहीस? मी तुझ्याविषयी इतकी वर्षं जे समजत होते त्यावर दोन पुस्तकं लिहिली आहेत मी. दोन्हीत एक मानी बहीण आहे.

मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. पण ही खात्री नसणं पूर्वीसारखं नाही. पूर्वी मला वाटायचं, मला लिहिता येत नाही. आता वाटतं, मला माहीत नाही. या दोन्हींत किती अंतर आहे हे कळायला एक स्लॅब पडावी लागली. माहीत नसलेलं विचारता येतं. म्हणून विचारते आहे.

मी लिहायला लागले आहे. बापाचं. थोरली दारातून गेल्यावर काय झालं, ते मी सोडून देते आहे. ते तुझं आहे. फक्त ती जाते तेवढं ठेवलंय, कारण त्याशिवाय बाप कळत नाही. तू नको म्हणालीस तर तेही काढीन आणि पुस्तक तसंच लंगडं राहील. त्यांची शस्त्रक्रिया परवा आहे.

धाकटी


१४ एप्रिल

ताई,

तू पोचलीस का? आता तरी फोन उचलशील म्हणा, पण पत्राची सवय लागली आहे.

काल दार उघडलं आणि तू उभी. मी तुला ओळखलं नाही, हे तुला कळलं का? क्षणभर मला वाटलं, वाचनालयातलं कोणीतरी आहे. केस किती पांढरे झालेत तुझे. आणि मी पहिलं काय म्हणाले, तर "वर बघून ये, छत नवीन आहे." त्यावर तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "बरं आहे." इतक्या वर्षांनंतर दोघी बहिणी भेटल्या आणि बोलल्या काय तर स्लॅबविषयी.

बाबा वॉकर धरून बाहेर आले. तुला बघून थांबले. मला वाटलं पडतात आता. तू पुढे झाली नाहीस. त्यांनीही हात पुढे केला नाही. ते म्हणाले, "जेवलीस का?" तू म्हणालीस, "गाडीत खाल्लं." मग तिघेही बसलो. शिंप्याच्या मशीनचा आवाज खालून येत होता. मला वाटत होतं, यांनी आता माफी मागावी, आणि तेही वाटत होतं की मागितली तर खोटी वाटेल.

तू म्हणालीस, "दाखव काय लिहिलंयस ते."

मी कागद दिले आणि स्वयंपाकघरात गेले. आधी भांडी घासली. मग घासलेली भांडी पुन्हा घासली. पुस्तकं छापून आली तेव्हा परीक्षणं वाचताना मला इतकी भीती वाटली नव्हती. एक कप फुटला, तरी बाहेरून कोणी 'काय झालं' म्हणालं नाही.

मग तुझी हाक आली. तू एक पान हातात धरून बसली होतीस. थोरली जाते ते पान. मला वाटलं, फाडणार आता.

तू म्हणालीस, "इथे ती रडत जाते असं लिहिलंयस."

"हो."

"मी रडले नव्हते."

"काढते मग."

"मी चप्पल शोधत होते," तू म्हणालीस. "दाराशी काढली होती, ती तिथे नव्हती. इतकी माणसं होती, कोणाच्या तरी पायात गेली असेल असं वाटलं. थोडा वेळ शोधली. मग तशीच गेले. स्टँडपर्यंत अनवाणी. तेवढं बरोबर कर."

तू ते अगदी कोरडेपणानं सांगितलंस, शुद्धलेखनाची चूक दाखवावी तसं. मी पेन्सिल घेतली. 'रडत' खोडलं.

तेव्हा बाबा बोलले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, ऐकतायत असं मला वाटलंही नव्हतं.

"मी उचलून ठेवली होती."

तू म्हणालीस, "काय?"

"चप्पल. तोंडातून ते गेलं आणि तुझ्याकडे बघून कळलं की तू निघणार. परत कसं घ्यायचं ते काही मला येईना. तू आत पिशवी भरत होतीस. मी चप्पल उचलली आणि कपाटावर टाकली, मागे. म्हटलं, चपलेशिवाय कुठे जाईल."

ताई, मी त्यानंतर तुझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, लेखिका म्हणवते मी. पण ते माझं नव्हतं बघायचं. मी हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिले. फक्त तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला, आणि मग वॉकर जमिनीवर आपटल्याचा, आणि बाबांचा आवाज, "पाय जपून, पाय."

तू गेल्यावर ते बराच वेळ तिथेच बसले होते. मी विचारलं, काही हवंय का? म्हणाले, "ती चप्पल पुढे मी टाकून दिली. ठेवायला हवी होती का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, बाबा.

आज सकाळी ते पान पुन्हा लिहिलं. एका बैठकीत. त्यात कोणी रडत नाही. एक बाई दाराशी वाकून चप्पल शोधते आहे आणि तिच्या पाठीमागे एक माणूस उभा आहे. त्याचे हात रिकामे आहेत.

सोबत पाठवते आहे. वाच, आणि चुकलं असेल तर सांग.

धाकटी